पाहणी संपल्यावर

यंदा माघांत दादांच्या श्राद्धासाठीं मी पुण्यास आलों होतों. पानें उठलीं, पाहुणे मंडळी पांगली आणि दुपारीं मी माजघरांतील झोपाळ्यावर जरा टेकलों होतों. इतक्यांत पुतण्या शेजारीं येऊन बसला. त्यानें प्रथम प्रवासाची, मग तिकडील थंडीची विचारपूस केली, आणि नंतर माझ्याकडे न पाहतां, झोपाळ्याच्या कडीकडे दृष्टि लावून तो म्हणाला, "काका, तुम्ही तिकडे त्या प्रोस्टेटच्या पाहणींत होतां ना? ती पाहणी तर संपली. मग पुढें तुम्हीं काय केलेंत? आणि आतां मीं काय करावें?"

पुतण्या एकूणपन्नास वर्षांचा आहे. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधु, ज्या रोगानें गेले त्याचें नांव त्या घरांत बारा वर्षांत कोणीं मोठ्यानें उच्चारलेलें मीं ऐकलें नव्हतें. त्यामुळें त्याच्या प्रश्नानें मी दचकलों आणि मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. "संध्याकाळीं बोलूं" असें म्हणून मीं वेळ मारून नेली. पण तो प्रश्न रास्त होता आणि तो एकट्या त्याचा नव्हता. ज्या घरांत पन्नाशी उलटलेले दोन-चार पुरुष आहेत अशा प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे. म्हणून त्या संध्याकाळीं त्याला जें सांगितलें तें येथें जरा सविस्तर मांडतों.

मी १९७४ सालीं नोकरीच्या निमित्तानें इंग्लंडांत गेलों आणि लेस्टर शहरीं स्थायिक झालों. २००४ सालच्या वसंतांत आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडून मला एक पत्र आलें. तेव्हां माझें वय पंचावन्न होतें. त्या वेळीं ब्रिटनमधील नऊ शहरांत एक मोठी पाहणी चालू होती व तींत लेस्टरही होतें. पन्नास ते एकोणसत्तर या वयाच्या पुरुषांस बोलावून, त्यांची इच्छा असल्यास, रक्ताची एक चांचणी करावी असा तिचा क्रम होता. मला कसलाही त्रास नव्हता. जावें कीं न जावें या विचारांत आठ दिवस गेले. शेवटीं, फुकट होणारी तपासणी कां सोडा, या अस्सल मध्यमवर्गी विचारानें मी गेलों.

तेथें एका परिचारिकेनें अर्धा तास बसवून मला सर्व समजावून दिलें. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशीं असलेली अक्रोडाएवढी ग्रंथि होय. ती पीएसए नांवाचें एक प्रथिन तयार करते व त्याचा अल्प अंश रक्तांत उतरतो. ग्रंथींत कर्करोग असल्यास हा अंश पुष्कळदां वाढतो. परंतु वयोमानानें ग्रंथि नुसतीच मोठी झाली, किंवा मूत्रमार्गांत जंतूंचा उपद्रव झाला, तरीही तो वाढतो. आणि कधीं कधीं कर्करोग असूनही तो वाढत नाहीं. आंकडा ३ किंवा त्याहून अधिक आला तर पुढें बायोप्सी, म्हणजे सुईनें ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणें. कमी आला तर पुढें कांहीं करावयाचें नाहीं. इतकें सांगून ती म्हणाली, "घरीं जाऊन विचार करा, मग हवें तर रक्त द्या." मला त्या वेळीं हें बोलणें अंमळ विचित्र वाटलें. रक्त देण्यांत विचार करण्यासारखें काय आहे? त्याचा अर्थ उमगण्यास मला पुढें दहा वर्षें लागलीं.

माझा आंकडा १.३ आला. 'तूर्त अधिक तपासणीची आवश्यकता नाहीं' अशा आशयाचें चार ओळींचें पत्र टपालानें घरीं आलें. तें मीं पासपोर्ट व विम्याचे कागद ठेवण्याच्या खणांत जपून ठेविलें आणि त्या पत्रांतील 'तूर्त' हा शब्द मी साफ विसरून गेलों. एखाद्यानें ताईत बांधावा आणि निर्धास्त व्हावें, तसा मी निर्धास्त झालों. पाहणी माझ्यापुरती तेथें संपली. दादांना मी दर पंधरा दिवसांनीं फोन करीत असें. हवापाणी, मुलांचीं शिक्षणें, वाड्याच्या दुरुस्तीचा वाद, सर्व विषय निघत. पण अशी एक तपासणी असते, ती मीं करून घेतली, तुम्हांलाही विचार करावासा वाटेल, हें एक वाक्य माझ्या तोंडून निघालें नाहीं. वडील भावापाशीं कंबरेखालच्या दुखण्याची वाच्यता करावयाची नाहीं, ही आमच्या घरची रीत होती व ती मीं लेस्टरांतही पाळली.

२०११ सालीं दादांची पाठ दुखूं लागली. तेव्हां ते सत्तर वर्षांचे होते. मणक्याची झीज असेल म्हणून प्रथम मलम झालें, मग तेल झालें, मग शेक झाला. सहा महिन्यांनीं एका तरुण डॉक्टरानें रक्त तपासण्यास पाठविलें. पीएसएचा आंकडा कित्येक शेंकड्यांत होता आणि रोग हाडांत उतरला होता. त्यानंतर इंजेक्शनें, गोळ्या यांच्या आधारानें दादांनीं दोन वर्षें काढलीं. तीं दोन वर्षें त्यांनीं ज्या धीरानें काढलीं त्याचें वर्णन मी करणार नाहीं. तें त्यांना आवडलें नसतें. २०१४ च्या माघांत ते गेले.

तेराव्यानंतर वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, रात्रीं चार-चार वेळां दिवा लागायचा. मी जागी असायची. पण विचारलें नाहीं. विचारलें असतें तर हे वांचले असते." हें वाक्य त्यांनीं पुढें कित्येकदां उच्चारलें. त्यांचें वाक्य आणि माझें न उच्चारलेलें वाक्य हीं दोन्हीं त्या घरांत बरींच वर्षें एकमेकांशेजारीं बसून होतीं.

दादांच्या दुखण्याचें निदान झाल्याबरोबर मी लेस्टरांतील डॉक्टरांकडे धांवलों होतों. सख्ख्या भावाला हा रोग झाला म्हणजे आपला धोका सुमारें दुपटीनें वाढतो, हें मला तेव्हां कळलें. माझी १.३ ची चिठ्ठी मीं ताईतासारखी पुढें केली. डॉक्टर शांतपणें म्हणाले, "हा आठ वर्षांपूर्वींचा आंकडा आहे. त्या दिवशीं तो खरा होता." मीं विचारलें, "मग पाहणी करणाऱ्यांनीं मला पुन्हां कां बोलाविलें नाहीं?" ते म्हणाले, "त्यांचा प्रश्न वेगळा होता. एकदां चांचणीस बोलाविल्यानें मृत्यु कमी होतात कीं नाहीं, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें. तुमची आयुष्यभर राखण करण्याचें काम त्यांनीं पत्करलें नव्हतें."

अशा कोणत्याही पाहणींत भाग घेतलेल्या मनुष्यानें हें ध्यानांत धरावें. पाहणी हजारों लोकांविषयीं एक प्रश्न विचारते. त्याचें उत्तर मिळालें कीं तिचें काम संपतें. त्या हजारांतील एकाचा, म्हणजे आपला, प्रश्न मात्र आपल्याच घरीं परत येतो. आपणास मिळालेलें पत्र, त्यावरील आंकडा व तारीख, बायोप्सी झाली असल्यास तिचा निष्कर्ष, हे कागद जपून ठेवावेत व आपल्या नेहमींच्या डॉक्टरांच्या नजरेस आणावेत. पुढील प्रत्येक आंकडा त्या पहिल्या आंकड्याशीं ताडून पाहावयाचा असतो. स्वीडनमधील माल्मो शहरांत १९८१-८२ सालीं साठ वर्षें वयाच्या पुरुषांचें रक्त घेऊन राखून ठेविलें होतें. पुढें तें तपासतां असें आढळलें कीं, ज्यांचा आंकडा साठाव्या वर्षीं १ किंवा त्याहून कमी होता, त्यांना पंचाऐशीव्या वर्षापर्यंत या रोगानें मृत्यु येण्याचा संभव हजारांत दोन इतकाच होता. अर्थात् एका जुन्या आंकड्यालाही पुष्कळ मोल आहे. मात्र तो कोणत्या वयाचा आहे हें माहीत असलें पाहिजे.

आतां त्या मोठ्या प्रश्नाचें उत्तर काय आलें तें सांगतों. दादा गेल्यानंतर माझी वृत्ति अशी झाली होती कीं, भेटेल त्या पन्नाशीच्या पुरुषाला हात धरून तपासणीस न्यावें. लेस्टरांतील आमच्या मराठी मंडळांत गणेशोत्सवाच्या वेळीं मीं दोघा-तिघांना तसें गळ घालून पाठविलेंही. पुढें आंकडे प्रसिद्ध झाले तेव्हां माझा हा उत्साह मला तपासून घ्यावा लागला.

माझी पाहणी ज्या विशाल प्रयोगाचा भाग होती, त्यांत इंग्लंड व वेल्समधील ५७३ दवाखाने व सुमारें ४ लक्ष १५ हजार पुरुष होते. चिठ्ठ्या टाकून कांहीं दवाखान्यांतील पुरुषांना चांचणीचें एक निमंत्रण गेलें, बाकीच्यांना गेलें नाहीं. पंधरा वर्षांचा हिशेब २०२४ सालीं बाहेर आला. निमंत्रण न गेलेल्यांत या रोगानें मेलेले शेंकडा ०.७८, निमंत्रण गेलेल्यांत शेंकडा ०.६९. म्हणजे हजारीं आठाच्या जागीं सात. फरक आहे; पण केवढासा! निमंत्रितांपैकीं प्रत्यक्ष चांचणीस आले तेच मुळीं सुमारें छत्तीस टक्के होते, आणि चांचणीही एकदांच झाली होती, हें खरें. याच्या उलट युरोपांतील आठ देशांत ५५ ते ६९ वयाच्या सुमारें १ लक्ष ६२ हजार पुरुषांवर जो प्रयोग झाला, त्यांत बहुतेक ठिकाणीं चांचणी ठराविक वर्षांनीं पुनःपुन्हां होत असे. त्याचा तेवीस वर्षांचा हिशेब २०२५ च्या ऑक्टोबरांत आला. तेथें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १३ नीं कमी झालें. ४५६ पुरुषांना बोलावावें तेव्हां एक मृत्यु टळतो, असें तें प्रमाण पडतें.

मग हजारांत एकाला कां होईना, लाभ आहे ना? सुईच्या एका टोंचणीस एवढा विचार कशाला? माझ्याही मनांत हाच प्रश्न होता आणि त्या परिचारिकेचें "घरीं जाऊन विचार करा" हें बोलणें मला येथें उमगलें. प्रोस्टेटचे पुष्कळसे कर्करोग इतके मंदगति असतात कीं, ते तसेच राहिले तरी मनुष्य वयोमानानें दुसऱ्याच कारणानें जातो. चांचणीच्या जाळ्यांत तेही सांपडतात. एकदां 'कर्करोग' हा शब्द कानीं पडला कीं मनुष्य, त्याची पत्नी, मुलें, कोणालाच स्वस्थ बसवत नाहीं. शस्त्रक्रिया केली तर कित्येकांना लघवीवर ताबा राहत नाहीं. पौरुषही पुष्कळदां उणावतें. माझ्याच पाहणींत ज्यांना रोग सांपडला त्यांतील १,६४३ जणांनीं आपला उपचार चिठ्ठीवर सोडण्यास संमति दिली होती: कोणाला शस्त्रक्रिया, कोणाला किरणोपचार, कोणाला नुसती नियमित देखरेख. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं सहा वर्षांनंतरही सुमारें सतरा टक्क्यांना लघवीसाठीं घडी वापरावी लागत होती.

त्या १,६४३ जणांचा पंधरा वर्षांचा हिशेब २०२३ च्या मार्चांत आला. शेंकडा सत्त्याण्णव जण या रोगानें मेले नाहींत, आणि तिन्ही गटांत हें प्रमाण जवळजवळ सारखेंच होतें. नुसत्या देखरेखीखालीं असलेल्यांत रोग पसरण्याचें प्रमाण मात्र अधिक, म्हणजे शेंकडा ९.४ होतें, इतर दोन गटांत तें पांचांच्या आसपास होतें. देखरेखीखालील सुमारें साठ टक्के लोकांनीं पुढें केव्हांना केव्हां शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतलाच; पण जवळजवळ चतुर्थांश जण पंधरा वर्षांनंतर कोणताही उपचार न घेतां हयात होते. या लोकांची 'पाहणी संपली' म्हणजे काय झालें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. वर्षानुवर्षें ओळखीची परिचारिका, ठरलेली तारीख, ठरलेलें रक्त, हें सर्व सुटून त्यांना सामान्य दवाखान्याच्या स्वाधीन व्हावें लागलें. अशा मनुष्यानें पुढची तारीख स्वतः मागून घ्यावी. देखरेख ही चालू ठेविली तरच देखरेख. तारीख चुकत गेली कीं तें निव्वळ दुर्लक्ष होय.

हें सर्व त्या संध्याकाळीं मी पुतण्यास सांगत होतों. वहिनी देवापाशीं वात लावून आल्या आणि दाराशीं उभ्या राहिल्या. आम्हीं बोलणें थांबविलें. त्या म्हणाल्या, "थांबूं नका. मलाही ऐकूं द्या. मागें कोणी बोललें नाहीं, त्याचें फळ पाहिलें आहे मीं."

तेव्हां मीं धीर करून त्यांच्या त्या जुन्या वाक्यास हात घातला. मी म्हणालों, "वहिनी, रात्रीं चार वेळां उठावें लागणें हें बहुधा ग्रंथि नुसती वाढल्याचें लक्षण असतें. साठीनंतर अर्ध्याअधिक पुरुषांना तो त्रास होतो आणि त्यांतल्या बहुतेकांना कर्करोग नसतो. उलट हा रोग आरंभीं कांहींच लक्षण दाखवीत नाहीं. तुम्ही विचारलें असतें तर दादा वांचलेच असते, असें कोणताही डॉक्टर सांगूं शकणार नाहीं. मींही २००४ सालीं सांगितलें असतें तर काय झालें असतें, तें मलाही सांगतां येत नाहीं. हजारांतला तो एक कदाचित् दादा असते, कदाचित् नसते." वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे हें ओझें मी उगाच वाहत होतें?" मी म्हणालों, "आपण दोघेंही वाहत होतों. पण बोलावयास हवें होतें, हें मात्र खरें."

मग आम्हीं पुतण्याचा विचार केला. त्याची गोष्ट चारचौघांसारखी नाहीं. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा रोग झालेला आहे, त्यांनीं पंचेचाळिशीच्या सुमारासच डॉक्टरांशीं बोलावें, असें पुष्कळ तज्ज्ञांचें मत आहे. घरांतील स्त्रियांचीं दुखणींही येथें विचारांत घ्यावीं लागतात, हें ऐकून वहिनींना आश्चर्य वाटलें. स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग ज्या घराण्यांत लहान वयांत व पुनःपुन्हां होतो, तेथें बीआरसीए नांवाच्या जनुकांत दोष असूं शकतो, आणि हा दोष पुरुषांतही उतरून प्रोस्टेटच्या उग्र कर्करोगास कारण होतो. नोव्हेंबर २०२५ मध्यें ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीनें जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यांत सरसकट सर्व पुरुषांच्या चांचणीची शिफारस केली नाहीं. असा दोष असलेल्या ४५ ते ६१ वयाच्या पुरुषांनाच दर दोन वर्षांनीं चांचणी द्यावी, असें म्हटलें. आपल्या भारतांत मुखाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीं सरकारी तपासणीचा कार्यक्रम आहे, प्रोस्टेटसाठीं नाहीं. तेव्हां येथें पत्र पाठवून बोलावणारा कोणी नाहीं; विचार घरींच व्हावयास हवा.

पुतण्यानें विचारलें, "आणि आंकडा वाढलेला निघाला तर? ताबडतोब सुया?" त्याला मीं सांगितलें कीं, २००४ सालची वाट आतां राहिलेली नाहीं. तेव्हां आंकडा ३ च्या वर गेला कीं एकदम बायोप्सी होत असे. आतां प्रथम चांचणी पुन्हां करून पाहतात. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होऊन गेला असल्यास सहा आठवडे थांबतात. चांचणीपूर्वीं दोन दिवस कष्टाचा व्यायाम, सायकलवरची दौड व स्त्रीसंग वर्ज्य करण्यास सांगतात, कारण त्यांनींही आंकडा चढूं शकतो. त्यानंतर एमआरआयचें चित्र काढतात व त्यांत संशयास्पद जागा दिसली तरच बहुधा सुई लावितात. स्वीडनमधील गोटेबर्ग शहराच्या नव्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२२ सालीं आला. त्यांत या पद्धतीनें निरुपद्रवी कर्करोग हुडकले जाण्याचें प्रमाण निम्म्यावर आलें. अर्थात् थोडे महत्त्वाचे रोग उशिरां सांपडण्याचा संभव तेवढ्यापुरता राहतो. निखळ लाभ असा या विषयांत कोठेंच नाहीं.

हें मी पुस्तकी सांगत नव्हतों. माझा आंकडा २०१२ सालीं १.९ होता, २०१९ मध्यें, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, तो ४.४ झाला. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. दादांची पाठ, दादांचा चेहरा, सर्व डोळ्यांपुढें उभें राहिलें. सहा आठवड्यांनीं पुन्हां रक्त दिलें, ४.१ आला. एमआरआय केला; संशयाची जागा दिसली नाहीं. पुढें दोन-दोन वर्षांनीं रक्त देत गेलों व आंकडा चारांच्या आसपास स्थिर राहिला. आणि गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं मला विचारलें, "तुम्ही आतां शहात्तर वर्षांचे आहांत. ही चांचणी आतां थांबवावी, असें तुम्हांस वाटतें का?"

आरंभ करण्यापेक्षां थांबणें कठीण आहे, हें मीं त्या दिवशीं अनुभविलें. गोटेबर्गच्या जुन्या प्रयोगांत १९९५ पासून दोन-दोन वर्षांनीं चांचण्या होत व सत्तरीच्या आसपास बोलावणें बंद होई. बंद झाल्यानंतर त्या पुरुषांना चांचणीचा लाभ सुमारें नऊ वर्षें पुरला. पुढें मात्र त्यांच्यांत व चांचणी न झालेल्यांत घातक रोगाचें प्रमाण सारखें होत गेलें. म्हणजे थांबल्यानें कांहीं गमवावें लागतच नाहीं, असें नाहीं. पण शहात्तराव्या वर्षीं मंदगति रोग सांपडून त्यापायीं उरलीं वर्षें दवाखान्यांत घालविण्याचाही धोका आहेच. मीं पत्नीशीं बोललों, दोन दिवस विचार केला आणि थांबण्याचें ठरविलें. हाडें दुखूं लागलीं, लघवींत रक्त दिसलें, वजन अकारण उतरलें, तर पाहणी, वय वगैरे कांहीं न पाहतां त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जावयाचें, एवढी खूणगांठ मात्र बांधून ठेविली. माझ्याजागीं दुसरा कोणी प्रकृतीनें धडधाकट मनुष्य असता, तर त्यानें कदाचित् उलट ठरविलें असतें व तेंही चुकीचें ठरलें नसतें.

पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हीं इतकें सांगितलेंत, पण करूं कीं नको, तें सांगितलें नाहींच." मी म्हणालों, "तुझ्या जागीं मी असतों तर करून घेतली असती, तुझ्या वडिलांमुळें. पण आधीं एक ठरव. आंकडा वाढलेला निघाला, आणि डॉक्टर म्हणाले कीं रोग आहे पण मंद आहे, सध्यां नुसती देखरेख ठेवूं, तर तुला तें झेपेल का? घरच्यांना झेपेल का? त्याचें उत्तर सूनबाईला बरोबर घेऊन दे." सूनबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यांत उभी होती. ती म्हणाली, "माहीत नसण्यापेक्षां तें झेपेल."

दादांची एक वही आहे. तींत त्यांनीं घरांतील प्रत्येकाच्या देवीच्या लसी, चष्म्यांचे नंबर, बाळंतपणें, वहिनींचा रक्तदाब, सर्व टापटिपीनें नोंदून ठेविलें आहे. स्वतःच्या नांवाच्या पानावर मात्र दांत काढल्याची एक तारीख व दोन चष्मे यांपलीकडे कांहीं नाहीं. वहिनींनीं ती वही त्या रात्रीं कपाटांतून काढली व माझ्यापुढें ठेविली. दादांच्या पानावर मीं त्यांच्या रोगाचें नांव, निदानाचें वर्ष व त्यांचें तेव्हांचें वय लिहिलें. माझ्या नांवाचें पान त्यांत नव्हतें. वहिनींनीं तें घालावयास लावलें. त्यावर १.३, १.९, ४.४, ४.१ असे आंकडे तारखांसह मांडले व शेवटीं 'चांचणी थांबविली' असें लिहिलें.

लेस्टरला परतल्यावर फाल्गुनांत पुतण्याचा फोन आला. त्यानें डॉक्टरांची गांठ घेऊन, विचार करून चांचणी केली होती. आंकडा ०.८ होता, दोन वर्षांनीं पुन्हां या, असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. मी कांहीं विचारण्यापूर्वींच तो म्हणाला, "वहींत लिहिला आहे, काका. पुढची तारीखही आईनें लिहून ठेविली आहे."